डाव्या खोक्यातली लाल तार

लेमविग, ११ जानेवारी २०१२

चि. बोडिल हिस,
अ. उ. आ.

सत्तरी पार पडली. केक, झेंडे, शेजाऱ्यांची भाषणं, सगळं यथासांग झालं. तुझी पेटीही वेळेवर पोचली. तुमच्या बोर्नहोम बेटाचे धुरी दिलेले हेरिंग मासे आमच्या जटलंडी लोकांनी खाल्ले आणि 'वाईट नाहीत' म्हणाले. म्हणजे बोटं चाटूनपुसून संपवले, हे काय तुला वेगळं सांगायला हवं! तुझ्या ओवेला म्हणावं, गुडघा दुखत असताना भट्टीपुढे उभा राहिलास, ते पावलं.

आमच्या लेकीने भेट काय दिली असेल ओळख. रिसीव्हर! टीव्हीखाली ठेवायचा काळा डबा, डुकराच्या पिल्लाएवढा जड, आणि पाठीला भोकं इतकी की मोजता मोजता माझी कॉफी गार झाली. त्याला चहूबाजूंनी स्पीकर जोडायचे आणि घरातच थिएटर करायचं. मी सिग्नेला म्हटलं, बाई गं, बातम्या ऐकायला मला एक कान पुरतो. ती कसली ऐकते! मागे लावायला तिने छोटे स्पीकर आणले आणि पुढे माझे जुनेच दोन ठेवले, सदुसष्ट साली मी स्वतः लाकूड कापून बनवलेले. ते हलवायचे नाहीत, ही माझी अट होती.

आणि बोडिल, काय सांगू तुला! समुद्राचा कसलासा माहितीपट लागला होता. लाट डावीकडून आली, माझ्या मानेमागून फिरली आणि उजवीकडे फुटली. रेडिओच्या कारखान्यात तपासणीच्या बाकावर चाळीस वर्षं काढलेला हा माणूस चक्क पाय वर घेऊन बसला. सिग्ने हसून हसून बेजार. मी हसलो नाही. एवढ्याशा डब्याला हे कसं जमतं, या विचाराने रात्रभर नवल करत राहिलो.

पण दुसऱ्या दिवशी त्याने माझं डोकं फिरवलं. त्याच्याबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो आपल्या बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा, आपण चिडीचूप राहायचं, आणि मग हा डबा एकेका स्पीकरमधून शिट्ट्या घालत खोलीचं माप घेतो. माप घेतलं आणि टीव्हीवर लिहून आलं: डावा स्पीकर, तारा उलट जोडल्या आहेत. माझ्या? उलट? मी मागे जाऊन पाहिलं. लाल तार लालला, काळी काळीला. पुन्हा माप घेतलं, पुन्हा तेच. तीनदा! कालचं पोर माझ्याच घरात येऊन मला अक्कल शिकवतंय.

दुकानाच्या पानावर इतर मालकांची मतं वाचली. ओडेन्सेचा एक म्हणतो मांजर घाबरतं, एकाची बायको म्हणते बटणं फार. आणि कोणी एक शहाणा लिहितो, 'यंत्राला नावं ठेवण्याआधी आपल्या तारा बघा.' मला नाकाला मिरच्याच झोंबल्या. सिग्नेकडून माझंही मत टाकून घेतलं: 'आवाज वाईट नाही. यंत्र उद्धट आहे आणि खोटं बोलतं. दोन तारे.' सतरा जणांना ते उपयोगी वाटलं म्हणे.

तुझ्या पाठीला शेक देत जा. पत्राला उशीर कर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा


स्वानेके, २३ जानेवारी २०१२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ओवेला वाचून दाखवलं. तो म्हणाला, थोर्किलला चूक दाखवणारं कोणी तरी या जगात निघालं, त्या डब्याला माझ्यातर्फे पाच तारे द्या. गुडघ्याला आराम नाही, पण जीभ ठणठणीत आहे त्याची.

दादा, तू आणि ते यंत्र! मला तर बिचाऱ्याची दयाच आली. त्याला काय ठाऊक, आपण कोणाशी वाद घालतोय ते. अख्खा कारखाना तुझ्या कानांवर चालायचा. थोर्किलने मान हलवली तर रेडिओ पेटीत, नाही हलवली तर परत बाकावर. तुझ्या कानांशी वाद मीसुद्धा कधी घातला नाही. तुझ्या त्याच दोन स्पीकरांच्या खोक्यांतून तर आपण माझी रेकॉर्ड ऐकली होती, अडुसष्टच्या नाताळाआधी. चर्चच्या गायनमंडळाची, दुसरं कडवं माझं एकटीचं. मी नवा कोट घालून आले होते आणि उल्लावहिनीने बदामाची बिस्किटं केली होती. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, पोकळ आहे, आवाजाला बूड नाही. खरंच होतं ते, मलाही ऐकू आलं. विहिरीच्या तळातून कोणी कण्हतंय असा आवाज. संगीतशाळेच्या परीक्षेला गेले नाही तेच बरं केलं, शोभा टळली.

हे मी रागाने लिहीत नाहीये हं. जुनी गोष्ट आठवली म्हणून लिहिली. परवा नाताळच्या प्रार्थनेत धाकटी नात मला म्हणाली, आजी, तू नुसते ओठ हलवतेस, आवाज येतच नाही. लबाड कार्टी! त्रेचाळीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

माझं ऐकशील तर खोकं उघडून बघ. बाहेरची तार नीट आहे म्हणतोस, पण आत कोण गेलंय? उघडलंस तर काय तुझं नाक कापलं जाणार आहे? डबा खोटा निघाला तर मी स्वतः त्याला एक तारा देईन.

राय धान्याचा पाव फार भाजू नकोस, तुझे दात आता पहिल्यासारखे नाहीत. माझ्यावरचा लोभ आहे तसा राहू दे, वाढवलास तरी तक्रार नाही.

तुझी,
बोडिल


लेमविग, ३ फेब्रुवारी २०१२

चि. बोडिल,
अ. उ. आ.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

खोकं उघडलं. मागच्या फळीचे आठ स्क्रू काढले, आत भरलेली लोकर बाजूला केली. आत तारांच्या जोडावर मीच घातलेला कथलाचा डाग होता, सदुसष्ट सालचा, सुबक आणि चकचकीत. कारखान्यात असा डाग बघून मी पोरांना म्हणायचो, याला म्हणतात काम. लाल तार काळीच्या जागी. काळी लालच्या जागी. चव्वेचाळीस वर्षं.

तुला साध्या शब्दांत सांगतो. दोन स्पीकरांनी एकाच वेळी हवा पुढे ढकलायची असते. माझा उजवा ढकलायचा तेव्हा डावा मागे ओढायचा. त्या ओढाताणीत कडेचे आवाज तगून राहतात, उलट जास्तच पसरल्यासारखे वाटतात. मी मूर्ख त्यालाच माझी कारागिरी समजत होतो, सगळ्यांना सांगत होतो की बघा, आवाज कसा सगळ्या खोलीभर येतो! पण जो मधोमध उभा असेल त्याचा आवाज खाल्ला जातो. आधी त्याचं बूडच जातं. मंडळ दोन्ही कडांना उभं होतं, बोडिल. मध्ये तू एकटी होतीस.

तारा बदलल्या. माप घेतलं. डबा काही बोलला नाही. मग माळ्यावरून तुझी रेकॉर्ड आणली. तू रडत गेलीस त्या दिवसापासून ती मी परत लावली नव्हती.

दुसरं कडवं आलं आणि तू उभी राहिलीस. खिडकी आणि घड्याळ यांच्या मधे, जिथे नुसती भिंत आहे तिथे. मी बोट दाखवून सांगू शकलो असतो की इथे तिचं तोंड, इथे खांदे. सुरुवात करण्याआधी तू श्वास घेतलास, तोही ऐकला. आणि मग तो आवाज! अगं, काय आवाज होता तो! भरलेला, उबदार, जमिनीतून वर आल्यासारखा. शेवटच्या ओळीला तू वर गेलीस आणि मागचं सगळं मंडळ तुझ्याबरोबर उचललं गेलं. मी खुर्चीतून उठून टोपी काढली. घरात मी एकटाच होतो. मग पुन्हा लावली, पुन्हा लावली. सत्तर वर्षांत इतकं सुंदर मी काही ऐकलेलं नाही, आणि ते माझ्याच घरात माळ्यावर पडून होतं.

आवाजाला बूड नाही म्हणालो, ते माझ्या खोक्याला नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं. मुद्दाम नाही, पण खोटंच. त्यावर तू तुझं गाणं बंद केलंस. माफी कशी मागतात ते मला येत नाही, आमच्या बाकावर ती कधी लागली नाही. तू ये. एकदा ऐक. एवढंच मागतो.

लोभाबद्दल लिहायचं धाडस होत नाही.

थोर्किल


लेमविग, २७ फेब्रुवारी २०१२

चि. बोडिल,
अ. आ.

तीन आठवडे झाले. पोस्टमन दिसला की मी दारात जातो. तो बापडा आता लांबूनच मान हलवतो. ओवेला फोन केला तर म्हणाला, ती बरी आहे, भट्टीवर आहे, बोलायचं नाही म्हणते. नको बोलूस. शिव्या असतील तर त्या तरी लिहून पाठव.

दादा


स्वानेके, १० मार्च २०१२

दादा,
न. वि. वि.

शिव्या मागितल्यास, घे. तुझ्या त्या कानांना आग लागो. तुझ्या सुबक डागालाही.

बासष्टाव्या वर्षी मी हे ऐकून काय करू? लोणचं घालू? माझ्याकडची रेकॉर्ड मी त्याच आठवड्यात चुलीत घातली, घरभर डांबराचा वास सुटला होता आणि आई ओरडली होती. पाद्रीणबाई माझे हात धरून म्हणाल्या होत्या की पोरी, तुझं कडवं लागलं आणि माझ्या हातातलं विणकाम थांबलं. मला वाटलं, बाईंना माझी कीव आली. त्यांच्याकडे एकाच स्पीकरचा साधा जुना रेडिओग्राम होता, आणि माझा भाऊ कारखान्याचा कान! मी कोणाचं खरं मानणार? तुझं. कारण तू माझा दादा होतास.

माझं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही. ओवे मिळाला, मुलं झाली, आमच्या हेरिंगसाठी लोक बोटीतून उतरून रांग लावतात. परीक्षेचंही मला फार वाटत नाही. पण मुलांना निजवताना मी रेडिओ लावत होते, दादा. पाळण्यापाशी बसून रेडिओ. माझ्या पोरांनी आईची अंगाई ऐकली नाही, कारण आईच्या आवाजाला बूड नव्हतं. हे मात्र मी महिनाभर गिळत होते आणि गिळलं जात नव्हतं. आता लिहिलं.

ओवे म्हणतो, जा. मी म्हटलं, गुडघ्याचं काय? तर म्हणतो, गुडघा माझा आहे, कान तुझे आहेत. ईस्टरला येते. ऐकेनच असं वचन देत नाही. बटाटे आणून ठेव, तुझ्या हातची ती पाकिटातली लापशी मी खाणार नाही.

राग आहे. लोभही आहे. दोन्ही एकाच पिशवीत घेऊन येते.

बोडिल


लेमविग, १४ एप्रिल २०१२

चि. बोडिल हिस,
अ. उ. आ.

बोट वेळेवर लागली असेल, भट्टीवर तू परत आलीस म्हणून ओवेचा गुडघा खूश असेल. तुझा मोजा राहिला आहे, तो पाठवतो.

तू गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय. शनिवारचं मी अजून आठवत बसतो. तू कोट न काढताच खुर्चीत बसलीस, तेव्हा मला वाटलं, ही आत्ता उठून जाईल. मी रेकॉर्ड लावली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. दुसरं कडवं आलं, संपलं. सुई पार शेवटापर्यंत गेली. मग म्हणालीस की पोरगी वाईट नाही. बाई गं! आपल्या जटलंडात याच्या वरचं पदक नाही. मी नाक शिंकरायला बाहेर गेलो होतो, कुत्र्याला बघायला नव्हे. माझ्याकडे कुत्रा नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

सिग्नेकडून दुकानाच्या पानावरचं मत बदलून घेतलं. आता तिथे असं आहे: 'यंत्र खरं बोलतं. मालक ऐकत नव्हता.' ताऱ्यांचं मी तिच्यावर सोपवलं, तिने सगळे देऊन टाकले. या नव्या मताचा उपयोग अजून कोणाला झालेला नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. सोमवारी दुपारी तू खुर्ची खिडकीपाशी सरकवलीस, म्हणून मी खोलीचं माप पुन्हा घ्यायला बसलो. तू स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतीस. मायक्रोफोन ठेवला, बटण दाबलं, आणि श्वास रोखून उभा राहिलो. डब्याने एकही शिट्टी घातली नाही. टीव्हीवर लिहून आलं: खोलीत आवाज आहे, कृपया शांतता राखा. मी घड्याळ बंद केलं. पुन्हा तेच. खिडकी लावली. पुन्हा तेच. आवाज कुठून येतोय म्हणून कान दिला, तर तो तुझा होता. तू गात होतीस. अडखळत, मधेच विसरत, पण तोंड उघडून. तुला स्वतःलाही पत्ता नव्हता.

दारापर्यंत येऊन तुला जरा गप्प बस म्हणायचं, एवढंच काम होतं. मी आलो नाही. ते एकदा केलंय मी, तेवढं पुरे. तिथेच जमिनीवर बसलो आणि सगळे बटाटे संपेपर्यंत ऐकलं.

माप अजून घेतलेलं नाही. डबा रोज विचारतो, घ्यायचं का? मी रोज नाही म्हणतो. तुझा लोभ आहे हे आता मी कानांनी ऐकलंय, तेव्हा मागत नाही. पुढच्या खेपेला मात्र पोतंभर बटाटे आणून ठेवीन.

तुझा,
दादा