बोंब नाही तिथे शेवटी

१७ सप्टेंबर

आज पुन्हा टीव्ही बंद करायला लावला. नूतनचा कॉल! सून हॉलमध्ये बसून नोकरी करते आणि सासरा गॅलरीत बसून खोकला दाबतो. पोरगा महेंद्र अंबरनाथला फर्स्ट शिफ्टला. त्याला काय कळतंय.

एका बँकेचं अवाढव्य मशीन आहे. मेनफ्रेम म्हणतात. ते असतं कुठे तरी लांब, ही इथे बदलापुरात, हेंद्रेपाड्यात बसून त्याची नाडी बघते. बँकेचं नाव घरातही सांगायचं नाही, कंपनीचा नियम म्हणे. मी विचारलं, तू नक्की करतेस काय?

"आबा, कामं फार आणि मशीनला दम कमी. कुणाला आधी सोडायचं, कुणाला थांबवायचं ते लावून देते. पुढच्या वर्षी केवढं मशीन लागेल तेही सांगते."

कामांना नंबर असतात. एटीएमवाल्यांचा पहिला. मग खाली खाली. सगळ्यात खालच्याला नंबरच नाही. उरलं तर त्याचं होतं, नाही तर पडून राहतं.

मी म्हटलं, "म्हणजे मी."

हसली. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही.

२१ सप्टेंबर

रविवार. नूतन चहाला बसली समोर. तोंड उतरलेलं. त्या मशीनचं बिल महिनाभराच्या कामावर नसतं. महिन्यात ज्या चार तासांत त्याला सगळ्यात जास्त धाप लागली, त्या चार तासांवर अख्ख्या महिन्याचं बिल! बाकी दिवस कितीही शहाण्यासारखं वागा, उपयोग नाही. माणसाचंही तेच. इतकी वर्षं पाणीखात्यात व्हॉल्व फिरवले, लोकांना आठवतो तो पाइप फुटला तो दिवस.

तिचा वाईट दिवस म्हणजे दर महिन्याची एक तारीख. पगार, कर्जाचे हप्ते, सगळं सकाळीच. पडद्यावर लाल रेघ आहे, तिच्यावर जायचं नाही. गेलं तर बँक कंपनीवर चिडणार आणि कंपनी हिला काढणार. ही कंत्राटावर. घराचा हप्ता हिच्या पगारातून जातो हे मला कुणी सांगत नाही, पण मी बहिरा नाही.

म्हटलं, यात काय अवघड? पाणी थोडं, वस्त्या फार, माझं आयुष्य त्यातच गेलं. स्टेशनजवळच्या सोसायट्यांना जरा उशीर झाला की ऑफिसात फोन. टेकडीवरच्या वाडीला दुपारी सोडा, संध्याकाळी सोडा, कधी कुणी खाली उतरून आलं नाही. "बोंब नाही तिथे शेवटी. एवढं लक्षात ठेव."

"आबा, भारी आहे हे!" मोबाइलवर लिहून घेतलं तिने. सातवी पास माणसाचं बोलणं! आज दोन घास जास्त गेले.

२४ सप्टेंबर

गुडघा. बाकी काही नाही.

३० सप्टेंबर

नूतन खुशीत. मला विचारून भाजी केली — लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा! म्हणाली, उद्या रेघेच्या खाली राहणार.

"कुणाला मागे ढकललंस?"

"एकदम सुटणाऱ्या कामांचा एक मोठा जथा आहे. सकाळी सहाला सुटायचा, आता संध्याकाळी पाचला. वर्षभरात त्यांची एक तक्रार नाही."

"मग बरोबर केलंस."

१ ऑक्टोबर

पेन्शन नाही आली! एवढ्या वर्षांत असं झालं नाही. दहाला बँकेत गेलो तर सगळी म्हातारी फौज पायऱ्यांवर. काउंटरची पोरगी म्हणते, "काका, ऊपर से ही नहीं आया, शाम को देखो." विष्णुपंत खात्यात माझ्याबरोबर कारकून होता, तो ओरडला, "शाम को? आमची शाम कधीच झाली, बाई!" सगळे हसले. मला हसू येईना. बंदच केली असेल तर? हयातीच्या दाखल्याचं काही राहिलं असेल तर?

सगळ्यांत पुढे बनूबाई वहिनी, बदलापूर गावातून चालत आलेली. भाऊही खात्यात होता, त्याच्या मागे पेन्शन तिला मिळते. तिचं गणित वेगळं आहे. कल्पेश, तिचा पोरगा, मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळतो आणि दुपारपर्यंत झोपतो. तो उठायच्या आत पैसे काढायचे, महिन्याच्या इन्सुलिनचे औषधवाल्याकडे भरायचे, आणि रिकाम्या हाताने घरी. म्हणून तिला सकाळच पाहिजे.

"वहिनी, घरी जा. मी बघतो."

"नको भावजी. बसतंय. मना घाई नाय."

दिवसभर बसली. पैसे पाचनंतर पडले, तोवर कॅश बंद, आणि एटीएमचं कार्ड तिच्याकडे नाही. उद्या सुट्टी. आणि तिला शोधत कल्पेश बाइकवर हजर — "अगं आई, सांगायचं ना, मी सोडली असती!" किती गोड बोलतो नालायक.

मी पायरीवर उभा राहून सगळ्यांदेखत म्हटलं, ज्याने आमचे पैसे अडवले त्याच्या हाताला लकवा भरो!

२ ऑक्टोबर

दसरा. श्रीखंड होतं. मी बँकेच्या नावाने बोटं मोडत होतो. नूतनचा हात ताटातच थांबला.

"आबा, तुमची पेन्शन कुठल्या बँकेत येते?"

सांगितलं. माझं खातं महेंद्र बघतो, हिला माहीत नव्हतं. ताट बाजूला सारून म्हणाली, "तो जथा पेन्शनचा होता."

महेंद्र म्हणतो, "बाबा, हे बाहेर बोलू नका."

काल लकवा मागितला मी. कुणाच्या हाताला? आणि त्या हाताला शिकवलं कुणी? पुढे लिहवत नाही.

३ ऑक्टोबर

वहिनीने आज पैसे काढले. कल्पेश बाजूला उभा. तिने त्याच्या हातात ठेवले, सगळे. मी म्हटलं, वहिनी, हे काय! तर म्हणते, "त्याने नाय घेतले, भावजी. मीच दिले. लोकांसमोर तमाशा कशाला?"

मी तिथेच उभा होतो. मीही कुठे काय बोललो.

९ ऑक्टोबर

वहिनी ओट्याजवळ पडलेली शेजारणीला सापडली. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. साखर भयंकर वाढलेली, सलाइन लावलंय. डॉक्टरने विचारलं, आजी, इन्सुलिन कधीपासून नाही घेतलं? ती बोटांवर दिवस मोजू लागली. पैसे मागायला माझ्याकडे का आली नाही? तिला मागता येत नाही. आणि मला विचारता आलं नाही.

१० ऑक्टोबर

नूतनशी भांडलो. कॉल चालू असेल नाही तर नसेल, म्हटलं ऐकू दे तुझ्या साहेबांना! पेन्शन परत सकाळी आण.

कानाचा हेडफोन काढून बसली समोर. "आबा, मला एकटीला ठरवता येत नाही. वर विचारलं की आधी तक्रारी मोजतात. पेन्शनसमोर शून्य आहे. शून्य म्हणजे हिरवं. हिरव्याला कोण हात लावतो?"

"बाई दवाखान्यात पडली आहे, आणि तुझ्याकडे हिरवं?"

"ते मशीनला दिसत नाही."

"मग तुला तरी दिसतं का?"

उठून आत गेली. फार लागलं असेल. लागू दे! त्या लाल रेघेसाठी कंपनीने हिला शाबासकी दिली आहे, महेंद्रच बोलून गेला.

१४ ऑक्टोबर

ठीक आहे. बोंबच पाहिजे ना? मारतो.

बँकेचा तक्रारीचा फोन नंबर घेऊन दारोदार फिरलो. विष्णुपंताच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं. एकेकाने फोन लावायचा. एक दाबा, दोन दाबा, मग गाणंच वाजत राहतं. एक जण रागाने म्हणाला, "हे माझ्या मयतीला वाजवा!" विष्णुपंत म्हणतो, "तू रे कधीपासून पुढारी? खात्यात असताना तक्रार घेऊन येणाऱ्याला हाकलायचास की." खोटं नाही.

पण लागले फोन. बरेच लागले. घरी येऊन नूतनला सांगितलं नाही. तिच्याविरुद्धच केलं, सांगायचं काय?

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. नूतनने पाया पडून नमस्कार केला. मी सुखी राहा म्हटलं, तोंडातल्या तोंडात. वहिनी आता घरी आहे, औषध महेंद्रने आणून दिलं. पुढच्या महिन्याचं काय?

३० ऑक्टोबर

नूतनचा कॉल. मी मुद्दाम गॅलरीच्या दाराशी बसलो.

"नाही सर, सहालाच सुटेल... हो, रेघेच्या वर जाईल, माहीत आहे... मागे नेण्यासारखं दुसरं काही उरलं नाही... माझ्या नावावर टाका ना."

आली वळणावर! म्हाताऱ्यांनी बोंब मारली की वाकतात सगळे. बोलताना आवाज कापत होता तिचा. भांडणात हरलं की कापतोच.

१ नोव्हेंबर

सहा वाजता मोबाइल वाजला. पेन्शन!

बँक उघडली तेव्हा दारात वहिनी पहिली. पैसे काढले, औषधवाल्याकडे महिन्याचे भरले, रिक्षाने घरी. कल्पेशला वाटलं पेन्शन आता संध्याकाळची झाली. पाचला बाइक घेऊन बँकेपाशी उभा होता म्हणे! विष्णुपंताने मला टाळी दिली. "पुढारी, जिंकलास!"

घरी आलो तर पडद्यावर काम लाल रेघेच्या पार वर गेलेलं. नूतन बघत बसली होती. मी टीव्ही लावला नाही. तेवढी अक्कल आहे.

५ नोव्हेंबर

विष्णुपंताला बँकेचा मेसेज आला. 'आपली तक्रार विचाराधीन आहे.' मलाही तोच. सगळ्यांना तोच. कुणाचीही तक्रार अजून उघडून बघितलेली नाही.

मग पेन्शन सहाला सोडली कुणी?

७ नोव्हेंबर

कंपनीचा माणूस येऊन लॅपटॉप, दुसरा पडदा, कानाचं, सगळं घेऊन गेला. नूतनने सही दिली, त्याला चहा विचारला. एका शब्दाने भांडली नाही.

हॉल मोकळा झाला. मी उंबऱ्याशी उभा. म्हणाली, "आबा, टेकडीवर पाणी चढलं ना?"

"चढलं."

"मग लावा आता टीव्ही."

लावला नाही.