चकचकीत बंदूक आणि अकरा पानी अर्ज

बोर्डी, गुरुवार

आदरणीय प्रल्हादभाऊजी,

रामनाथचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईची साखर कशी आहे? इकडे बकुळा बरी आहे, चिकू बरे आहेत, मी मात्र बरा नाही. बाबांची ठासणीची बंदूक डहाणूच्या कचेरीत अडकली आहे.

झालं असं की, मागच्या वेळी परवाना नवा करून घ्यायला गेलो, तेव्हा रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "काका, भंगार द्यायला आलात का?" (शेतकऱ्याच्या हत्याराची अशी थट्टा करणाऱ्या समाजाबद्दल मी तिथेच वीस मिनिटं बोललो. तेवढ्यात रांग पुढे गेली आणि मी शेवटचा झालो.) म्हणून यंदा आधीच तीन दिवस अंगणात बैठक मारली. चिंच, राख, लिंबू आणि शेवटी पॉलिश पेपर. घोड्याखालची कडी आणि दस्त्याची पितळी पट्टी अशी लखलखली, की बकुळाने पट्टीत बघून टिकली लावली. (ही बंदूक मी रानडुकरांवर कधी झाडलेली नाही. बकुळाच्या मते डुकरं माझ्या आवाजानेच जातात.)

कचेरीत अमृत नावाचा कारकून आहे. त्याने पट्टी दोनदा उलटसुलट केली आणि म्हणाला, "काका, नंबर कुठाय?" परवान्यातला नंबर बाबांच्या काळापासून त्याच पट्टीवर बारीक कोरलेला होता. तो मी घासून टाकला होता.

अमृत भला माणूस. म्हणाला, "जुन्या रजिस्टरात बंदुकीच्या बाकीच्या खुणा आहेत, त्या जुळवतो. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या, की साफ करताना नंबर गेला, माझी चूक झाली. सोमवारपर्यंत आणा, नाहीतर परवाना गेला समजा." मी घरी येऊन अकरा पानं लिहिली. त्यात इंग्रजांचा हत्यारबंदीचा कायदा आहे, पितळेचा इतिहास आहे, स्वच्छतेचं महत्त्व आहे. अमृतने जेवणाच्या सुट्टीत तीन पानं वाचली आणि अर्ज परत दिला. "वाचायला मस्त आहे, काका. पण चूक कुठाय?"

भाऊजी, चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून सरकारच्या, समाजाच्या आणि ग्रामपंचायतीच्या चुका दाखवल्या. स्वतःच्या नावापुढे तो शब्द लिहायला हात उठत नाही. पण बाबांची बंदूक माझ्या हातून जाणं, तेही चिंचेपायी, हेही सोसवत नाही.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
रामनाथ

ता. क. तुम्ही बुकिंगच्या खिडकीवर आयुष्यभर कमीत कमी शब्दांत काम केलंत. ती ओळ तुम्ही लिहून रविवारपर्यंत पाठवा. मी न वाचता सही करीन.

ता. क. २. 'चूक' हा शब्द टाळता आला तर बघा. नाहीच टाळता आला, तर बारीक अक्षरात लिहा.

ता. क. ३. चिंच उरली होती, म्हणून ताईने आमच्याकडे ठेवलेला आईचा तांब्याही मी घासला. त्यावर आईचं नाव कोरलेलं होतं, तुम्हाला आठवत असेल. ताईसाठीही एक ओळ लिहून द्या. तिथे 'चूक' मोठ्या अक्षरात चालेल.