साडेपाचचा रकाना

सोमवार, ३ मार्च १९८६

रद्दी, रद्दी, रद्दी! नव्या साहेबांना दुसरं काही सुचतच नाही. नोटीस लावलीय — १९८० च्या आधीचं सगळं रेकॉर्ड बावीस तारखेपर्यंत निवडा, नको ते ट्रकमध्ये घाला. श्यामसुंदर साहेब स्वतः आले रेकॉर्ड रूममध्ये. आले आणि शिंकतच राहिले. मी म्हटलं, "साहेब, बेडकांच्या फायली उघडू नका. सर्दी होते." हसले नाहीत. कठीण आहे माणूस.

जमिनीचे कागद, नेमणुका, साप-बेडूक-डासांचे कॅम्प रिपोर्ट — हे कायमचं ठेवायचं. हजेरीबुकं, रजेचे अर्ज, जाण्यायेण्याच्या वह्या — रद्दी.

जाण्यायेण्याच्या वह्या! मी शिडीवर होते, तिथेच बसले. म्हणजे १९७९ ची पण जाणार. आमच्या ह्यांची शेवटची ओळ आहे त्या वहीत. पाच वर्षं मी त्याच खोलीत धूळ झटकतेय आणि ती ओळ एकदा डोळ्यांनी बघितली नाही. चार नंबरच्या कपाटात आहे. किल्ली आमच्या जुन्या कारकुनाकडे, काशीरामभावजींकडे.

मंगळवार, ४ मार्च

किल्ली मागितली. भावजी म्हणाले, "घाई कसली वैनी, बघू मगे." आणि चष्मा पुसत बसले. झिजेल हो काच!

गुरुवार, ६ मार्च

अनुपमाबाई, आमच्या बेडकांच्या मॅडम, काल डोंगरातल्या ओढ्यावरून साडेसातला उतरल्या. आज वही बघून हसायला लागल्या. "जानकीबाई, मी साडेपाचला परत आलेय की! मग ओढ्यात कोण होतं?" मी म्हटलं, "तुमचं भूत. पण कामसू आहे हो!"

आमच्याकडे असंच चालतं. आमची संशोधन संस्था मुलुंडच्या डोंगराला टेकलेली. मागचं फाटक उघडलं की जंगल. जो बाहेर जाईल त्याने वहीत लिहायचं — नाव, कुठे, किती वाजता. परत आल्यावर शेवटचा रकाना भरायचा. तो कोणी भरत नाही. मग ऑफिस बंद करणारा सगळ्यांना एकदम ५.३० घालून टाकतो. आधी भावजी घालायचे, आता मी घालते. त्यांनीच शिकवलं, "रकाना मोकळा दिसला की साहेब विचारतो, भरलेला दिसला की सही करतो." बँकेत म्हणून जाऊन सिनेमा बघणाऱ्याला मी ५.२९ घालते. तेवढीच गंमत.

पण म्हणूनच मला ती वही बघायचीय. ह्यांच्या नावापुढेही ५.३० आहे म्हणतात. भावजी तर शपथेवर सांगतात — "माझ्यासमोर आला, स्वतःच्या हाताने लिहिलान आणि परत वर गेला."

ह्यांचं अक्षर मी ओळखते. मी गावी असताना पत्राला उत्तर यायचं तेव्हा पाचाचं पोट इतकं मोठं काढायचे की मी लिहायची, तुमचा पाच कितव्या महिन्यातला?

सोमवार, १० मार्च

नलिनी शाळेतून आली ती न जेवता बसली. क्वार्टर्समधली एक कार्टी सगळ्यांसमोर म्हणाली — "हिचे बाबा पाड्यावर दारू प्यायला गेले आणि पडून मेले."

लेकीचं वय तेरा. आता टाळता येत नाही.

१४ ऑगस्ट १९७९. हे फील्डमन. वरच्या टाकीकडे डासांचे सापळे लावायला गेले. दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्टची सुट्टी. सोळाला सकाळी लाकडं आणायला गेलेल्या पाड्यावरच्या बायकांना सापडले, दगडाखाली. पाय मोडलेला. डॉक्टर म्हणाले, ती रात्र आणि दुसरा दिवस जिवंत असणार. मी गावी, भातलावणी उरकून नुकती बसलेली. तार आली.

ऑफिसने सांगितलं, माणूस साडेपाचला परत आला होता. नंतर वर गेला तो स्वतःच्या मर्जीने. आणि ऑफिस सुटल्यावर माणूस डोंगरात कशाला जाणार? झालं! कोणी तरी 'दारू' म्हणालं आणि ती चिकटली. खोकल्याचं औषध वासाने थुंकणारा माणूस तो!

नलिनी म्हणाली, "आई, खरं काय ते सांग."

मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. पण बघून सांगते."

बोलून बसलेय. आता बघायलाच हवं.

गुरुवार, १३ मार्च

आज चोरी केली. भावजी जेवण झालं की कवळी काढून वाटीत ठेवतात, हिरड्या दुखतात म्हणून. वाटी उचलून लपवली. म्हटलं, "चार नंबरची किल्ली द्या, दात घ्या."

एरवी बोळक्या तोंडाने शिव्या घातल्या असत्या. आज एकही शिवी नाही. मग तोंडावर हात धरून म्हणाले, "किल्ली हरवली, वैनी."

चौतीस वर्षांत या माणसाने टाचणी हरवलेली नाही!

दात देऊन टाकले. मजा नाही आली.

शुक्रवार, १४ मार्च

मी सरळ साहेबांना सांगितलं, चार नंबरची किल्ली नाही, काम अडलंय. साहेबांनी सुतार बोलावून कुलूप तोडून घेतलं. भावजी आज हाफ डे टाकून गेलेले.

१९७६. १९७७. १९७८. मग १९८०.

मधे वही नाही. वहीच्या जागी चिठ्ठी.

रेकॉर्ड रूमचा हा नियम भावजींनीच बसवलेला. कपाटातून काहीही काढलं तरी त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची — काय नेलं, कोणी नेलं, कधी. माझ्या पहिल्याच दिवशी मी एक फाईल अशीच उचलली तर ओरडले होते, "चिठ्ठीशिवाय हललेला कागद म्हणजे चोरीचो कागद!"

चिठ्ठी पिवळी पडलेली. भावजींचं वळणदार अक्षर — "जाण्यायेण्याची वही, १९७९. काशीराम. ता. १८-८-७९."

हे सापडले सोळाला. सतराला मी पोचले. अठराला वही गेली.

लपवायला नेली, आणि चिठ्ठी ठेवून गेला! हात सवयीचा. मला हसूच फुटलं. सुतार म्हणाला, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही नाही, मेलेला उंदीर दिसला."

मग चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली.

शनिवार, १५ मार्च

चिठ्ठी भावजींच्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली. ते आले, बसले, वाचली. पेनाचं टोपण लावलं. उठून गेले.

सोमवार, १७ मार्च

भावजी रजेवर. कारण — "घरगुती".

पळाले की काय? ट्रकला पाच दिवस. वही जाळली असेल तर? सात वर्षं वाट बघून मीच घाबरवलं त्यांना. तोंड जरा बंद ठेवायला हवं होतं, जानकी. नाही तर काम काय तुला!

मंगळवार, १८ मार्च

आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "ट्रंकेत होती. जाळूक हात झालो नाय."

उघडली. १४ ऑगस्ट.

अकरा नावं. तिसरं ह्यांचं — "दशरथ. वरची टाकी, सापळे. १०.१५." त्या पंधराचा पाच पोटुशी. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ५.३०, ५.३०, ५.३०... सगळे एका शाईचे, एका हाताचे. सडपातळ पाच, शेपटीवाला.

भावजीच बोलायला लागले. खाली बघून.

"दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सगळे पळाले. मी पण. बघितलं नाय कोण आला, कोण नाय. मोकळ्या रकान्यात नेहमीसारखो भरलंय. दशरथच जाताना म्हणालो होतो, काशीराम, उशीर झालो तर घाल हां साडेपाच... वॉचमनने संध्याकाळी वही बघितली. सगळे आत. फाटक लावलान."

मग म्हणाले, "तो आल्याचा बघितलंय असा एकदा साहेबांका सांगितलंय. मगे फिरवूक येईना."

मी विचारलं, "आणि दारू? ती तुम्हीच सांगितलीत?"

"नाय! आईशप्पथ नाय." चष्मा काढला. "पण कोण म्हणालो तेव्हा मी गप बसलंय."

माझी नोकरी या माणसाने करून दिली. अर्ज लिहिला, साहेबांकडे खेटे घातले, नलिनीला शाळेत घातलं. मी त्याला देवमाणूस म्हणायची! देवमाणूस!

बुधवार, १९ मार्च

साहेबांच्या केबिनबाहेर दोनदा उभी राहिले. वही पदराखाली. एकदा साहेब फोनवर. दुसऱ्यांदा रिकामे होते — तरी आत गेले नाही.

कारण सकाळी सहज म्हणून या वर्षीची वही चाळली. ५ मार्च. अनुपमाबाई — परत ५.३०. अक्षर माझं. त्या तेव्हा ओढ्यात होत्या, काळोख पडत होता, वॉचमनने वही बघून फाटक लावलं होतं. बाई कुंपणावरून चढून आल्या, पाय धड होता म्हणून! आणि मी त्यावर भुताचा विनोद केला.

अंगावर काटा आला. अजून जात नाही.

पण भावजींना माफ केलं असं नाही. चूक माझीही तीच. नंतरचं खोटं त्यांचं एकट्याचं.

शनिवार, २२ मार्च

ट्रक आला. हजेरीबुकं, रजेचे अर्ज, बाकीच्या सगळ्या वह्या गेल्या. १९७९ ची माझ्या घरी तांदळाच्या डब्यात. साहेब म्हणाले, "छान, रेकॉर्ड रूम हलकी झाली." आणि शिंकले.

नलिनीने डब्यात हात घातलाच. "हे काय?" म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अजून शिजायचंय."

सोमवार, २४ मार्च

भावजी जिन्यात अडवून म्हणाले, "एकतीसला रिटायर होतंय. सत्कार आसा. काशीरामची नोकरी स्वच्छ गेली असा एकदा कानाने ऐकू दे वैनी. मगे काय ते करा."

मी म्हटलं, "स्वच्छ? वही तर तुमची नेहमीच स्वच्छ असायची."

लागलं त्यांना. लागू दे.

बुधवार, २६ मार्च

धुळवड. क्वार्टर्समध्ये नलिनीला कोणी रंग लावायला बोलावलं नाही. मीच तोंडाला काजळ फासून तिच्यापुढे नाचले. हसली. मग रडली.

गुरुवार, २७ मार्च

ठरलं. वही नेऊन भावजींच्या टेबलावर ठेवली, १४ ऑगस्टचं पान उघडून. वर लाल पेन.

म्हटलं, "चूक झाली की खोडरबर नाही, गिरवणं नाही. आडवी रेघ, बाजूला सही, तारीख. कोणी शिकवलं मला?"

त्यांनी लाल पेन बाजूला सरकवलं.

"मी साहेबांकडे जाणार नाही. गेले तर लोक म्हणतील, बाई नवऱ्यासाठी बोलते. तुमची नोंद आहे, तुम्ही खोडा. सोमवारपर्यंत. नाही तर तुमच्या सत्कारात मी भाषण करीन, आणि माझं भाषण तुम्हाला माहीत आहे."

वही ड्रॉवरमध्ये ठेवली त्यांनी. उद्या गुड फ्रायडे, परवा-तेरवाही सुट्टी. तीन दिवस बंद. वही त्यांच्या ताब्यात देऊन आले — शहाणी की मूर्ख, सोमवारी कळेल.

सोमवार, ३१ मार्च

मूर्ख!

सत्कार झाला. शाल, नारळ, वेफर्स. साहेब म्हणाले, "निष्कलंक सेवा." भावजी उठले. म्हणाले, "सर्वांचा आभारी आहे." आणि बसले. बस्स, एवढंच!

मी भाषणाला उठणार, तर बघते — बायको समोर बसलेली, नातू मांडीवर, ती पदराने डोळे पुसतेय. माझी जीभ टाळ्याला चिकटली. मेली, एरवी कुठे कुठे चालते ती!

सगळे गेल्यावर त्यांचं टेबल उघडलं. ड्रॉवर रिकामा. वही नाही. चिठ्ठी ठेवली असेल म्हणून कागद उलटवून बघितला, काचेखाली बघितलं, चार नंबरमध्येही बघितलं.

या वेळी चिठ्ठीपण नाही. माणूस जाता जाता चोरी शिकला.

नलिनीला काय सांगू?

मंगळवार, १ एप्रिल

सकाळी साहेबांना टपाल न्यायला आवक बुक उघडलं. कालची शेवटची नोंद, भावजींच्या हातची — "काशीराम यांचा कबुली अर्ज. विषय : कै. दशरथ, फील्डमन, यांची खोटी नोंद. सोबत : १९७९ ची वही." वर शिक्का, नंबर.

चिठ्ठी कशी असणार? वही नेलीच नव्हती. अर्जाला जोडून रेकॉर्डवर आत आली होती. आता ती कुठल्याच ट्रकमध्ये जाणार नाही.

केबिनच्या दारात वहीचं ते पान उघडून बघितलं. ह्यांच्या ५.३० वर लाल आडवी रेघ. सही. तारीख.

परतीचा रकाना आता मोकळा. आमचे दशरथ ड्युटीवर गेलेत, अजून आलेले नाहीत.