मर्विनची अपुरी बंदूक

गुरुवार, १२ मार्च २००९
होस्टेटरांचे स्वयंपाकघर, दुपारचे तीन

प्रिय आर्लीन,

रोलंडकाकाचे अनेक आशीर्वाद. वरचा पत्ता पाहून दचकू नकोस, तुझी आई खुशाल आहे. माझ्या समोर बसून बटाटे सोलते आहे. एरवी सालीतून उजेड दिसेल इतकं पातळ सोलणारी ही बाई आज अर्धा बटाटा सालीबरोबर टाकते आहे. त्याचं कारण पुढे येईलच. मला ते जितकं लांबवता येईल तितकं मी लांबवणार आहे, हे तू ओळखलंच असशील.

इकडची खबरबात: उत्तरेच्या उतारावर अजून बर्फ आहे, बाकी सगळा चिखल. कॉलेजात संस्कृतला यंदा दोन विद्यार्थी आले, पैकी एक चुकून. लेस्टरने गुडघा बदलून घेतला. गुरुवारी संध्याकाळी जमणाऱ्या आम्हा बंदुका घडवणाऱ्या मंडळींना त्या गुडघ्याची कथा आता रामरूपासारखी आठही विभक्त्यांत पाठ आहे. तुझ्या वाळवंटातल्या तुसॉनला म्हणे मार्चमध्येच पंखे लागतात. सुखी आहेस.

मी तुमच्या घरी काय करतो आहे, हा तुझा रास्त प्रश्न. तुझा बाप मर्विन गेल्यापासून दर गुरुवारी दुपारी मी तुमच्या तळघरात येतो. त्याची अपुरी राहिलेली ठासणीची बंदूक पुरी करायला. तुझ्या आईनेच, व्हर्नाने, बोलावलं. म्हणाली, ते लाकूड असं शिकंज्यात अडकलेलं बघवत नाही, एक तर पुरं कर नाहीतर चुलीत घाल. दोन वर्षं झाली. मर्विनला चार महिने लागले असते.

माझ्या संथपणाला एक कारण आहे, तेवढं सांगतो. तुझ्या बापाने त्या मेपलच्या दस्त्यावर जागोजाग पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. 'इथं थांब.' 'अजून कागदाएवढं.' एका ठिकाणी नुसतंच 'गाढवा, सावकाश.' हे त्याने स्वतःला लिहिलं असणार, पण तळघरात मी एकटाच असतो आणि वाचतो मी. कानस फिरवली की अक्षर जातं. बंदूक पुरी करायची म्हणजे त्याचं अक्षर पुसत जायचं. म्हणून आधी मी प्रत्येक ओळ वहीत उतरवतो, मग थोडा वेळ बसतो, मग कानस उचलतो. पुष्कळदा उचलतच नाही.

आणि व्हर्ना कॉफी झाली की वरून झाडूचा दांडा जमिनीवर दोनदा आपटते. पहिल्या गुरुवारी तो आवाज आला आणि मी खालून "आलो" म्हणालो. मी वर गेलो तर ती दोन कप समोर ठेवून भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "तोही असाच ओरडायचा." त्यानंतर मी जिन्यावर खोकतो, 'आलो' म्हणत नाही. पण आर्लीन, कधी कधी दांडा आपटला की माझ्या आधी कुणीतरी उत्तर देईल असं वाटून मी क्षणभर थांबतो. मोठ्या माणसाने लिहावं असं हे नाही.

असो. तो गेला त्या हिवाळ्याकडे येतो.

मी तीन वर्षं खपून माझी पहिली बंदूक केली होती, ते तुला ठाऊक आहे. चापाचं लोखंड लाकडात बसवताना त्याला काजळी फासतात, दाबतात, आणि जिथे काळं उमटेल तिथेच कोरतात. माझ्या बोटांची काजळी लाकडाला लागली आणि मी तीच खरी खूण समजून कोरत गेलो. खोबण ढिली झाली. ती फट मी सरस आणि भुशाने भरली, वर तेल चोळलं आणि गप्प बसलो.

आमच्या मंडळींत रीत अशी की, कुणीतरी जुना कारागीर "घाल नाव" म्हणेपर्यंत नळीवर आपलं नाव कोरायचं नाही. त्या नोव्हेंबरात मी बंदूक टेबलावर ठेवली. मर्विनने चापाच्या कडेने नख फिरवलं. भरलेल्या जागी थांबला. मग म्हणाला, "घाल नाव, प्रोफेसर. पण पेन्सिलनं घाल."

मंडळी हसली. लेस्टरने भर घातली की मेलेल्या भाषा शिकवणाऱ्याला जिवंत लाकूड काय कळणार. मीही हसलो. बंदूक गुंडाळली आणि घरी आलो.

त्यानंतरचा सोमवार म्हणजे हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. एकोणीस वर्षं आम्ही दोघे त्याच टेकाडावर जात होतो, पुढे पुढे दरवर्षी तूही. तो त्याच्या झाडावरच्या मचाणावर, मी शंभर पावलांवर खाली. गोळी मी कधी झाडलीच नाही, हे त्याला माहीत होतं. दहा वाजता मी थर्मास घेऊन त्याच्या झाडाखाली जायचं, हे आमचं ठरलेलं.

रविवारी संध्याकाळी मी त्याला फोन केला आणि सांगितलं की मला ताप आहे.

मला ताप नव्हता.

बाकीचं तुला माहीत आहे. मचाणाची फळी सुटली, मांडीचं हाड मोडलं, लोक पोचले तेव्हा अंधार पडला होता. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जीव असावा. सकाळी दहा वाजता मी माझ्या खुर्चीत बसून गरम कॉफी पीत होतो आणि मनात म्हणत होतो, बरं झालं, बसू दे एकटा.

दफनाच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या आईने माझ्याकडे कोंबडी आणि मक्याचं सूप पाठवलं. सोबत चिठ्ठी, ताप उतरला का. मी ते सूप प्यायलो.

आणि दफनभूमीत तू माझा हात धरून म्हणालीस, "काका, मी त्याच्याशी फोनवर भांडले नसते, दरवर्षीसारखी आले असते, तर तो एकटा नसता." त्या क्षणी माझं एक वाक्य पुरेसं होतं. मी तुझा हात थोपटला. तुझ्या खांद्यावरचं ते ओझं माझं आहे, हे मला माहीत होतं, आणि मी ते तिथेच राहू दिलं. दोन वर्षं तू ते वाळवंटापर्यंत वाहून नेलंस.

आज कॉफीच्या वेळी व्हर्नाने तुझं पत्र वाचून दाखवलं. ही बंदूक तुला नको, तिच्यावर तुझा हक्क नाही, विकून टाका. ती वाचत होती आणि मला पुढचं ऐकवेना. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वर लिहिलंय तेवढंच, तेवढ्याच शब्दांत.

तिने पत्राची घडी घातली. म्हणाली, "दोन वर्षं माझ्या तळघरात बसून हे पोटात ठेवलंस?"

मी हो म्हणालो.

"मग मला काय सांगतोस? तिला लिही. इथंच बस आणि लिही. टपालात मी टाकीन, तुझा भरवसा नाही."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. पुढच्या गुरुवारी मला दार उघडलं जाईल की नाही, ते मला ठाऊक नाही, आणि ते विचारायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

हक्काविषयी मात्र तुला सांगतो, कारण ते तुझ्या बापाने लिहून ठेवलं आहे, मी नाही. चाप डावखुऱ्या माणसाचा आहे. असा चाप खास मागवावा लागतो. पावतीवरची तारीख ऑक्टोबरची, म्हणजे तुमच्या भांडणाच्या दोन आठवड्यांनंतरची. आमच्या मंडळींत डावरं कुणी नाही. आणि दस्त्याच्या मागच्या टोकाला, कोपरापासून बोटापर्यंतच्या मापाखाली, त्याने लिहिलं आहे: 'आर्लीनचा हात. आली की पुन्हा मोजायचा.'

तेवढी एक ओळ मी पुसलेली नाही. पुढचं काम तिथेच अडलं आहे. तुझा हात मोजल्याशिवाय कुणालाही ते पुढे नेता येणार नाही, आणि न्यायचं कुणी, ते तू ठरव. लेस्टर माझ्यापेक्षा बरा आहे, फक्त गुडघा ऐकून घ्यावा लागेल.

मी क्षमा मागत नाही. मागितली की ती देण्याचं काम पुन्हा तुझ्यावरच पडेल. तू त्या सकाळी आली असतीस किंवा नसतीस, त्याच्याजवळ असायचं मी कबूल केलं होतं. एवढंच तू माझ्याकडून घ्यावंस, आणि बाकीचं खाली ठेवावंस.

दहा वाजता जायला हवा होता तो,
रोलंड एशबाख