मधल्या कैचीची तुळई

अप्पा, टिटवाळ्याच्या घराचं छत मी काल वर घेतलं. तुम्ही कौलांखाली फळ्या ठोकून केलेली ती सपाट तक्तपोशी, जिच्या दोन फळ्यांत पोस्टकार्डसुद्धा शिरत नाही असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, ती सगळी उतरवली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे परवानगी घ्यायचा प्रश्न नव्हता. तरी सांगावंसं वाटलं. खरं म्हणजे सांगण्यापेक्षा विचारायचंच जास्त आहे, आणि उत्तर देणारं आता कुणी नाही. जे आहे ते रोज वेगळं उत्तर देतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

सुरुवात आईपासून झाली. पाय मोडल्यापासून ती माजघरात कॉटवरच असते. दिवसभर एक बाई येते, आणि मी शनिवारी ठाण्याचं ऑफिस सुटलं की डोंबिवलीला घरी न जाता सरळ इथे येते. दिवाळीपासून तिने एकच धोशा लावला. छत खाली येतंय गो. वर घे ते. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. मग डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, या वयात असं होतं, झोपेची गोळी देऊ. गोळीने ती झोपायची आणि उठली की पुन्हा वर बोट. एका शनिवारी मी आले तर तिने कॉट भिंतीला सरकवून घेतली होती. त्या बाईला म्हणाली होती, मधोमध झोपवू नकोस, अंगावर पडेल. जेवणही कमी झालं होतं. तेव्हा ठरवलं, तिला वाटतंय ना छत खाली आहे, मग घेऊ वर. होऊन होऊन काय होईल?

डोंबिवलीहून एक सिलिंगवाला आणला. तरुण आहे, चटपटीत, सगळ्यांना ताई म्हणतो. त्याने मधल्या चार फळ्या काढल्या, बॅटरी घेऊन डोकं वर घातलं आणि इकडून तिकडे प्रकाश फिरवला. मग म्हणाला, "ताई, जरा वर या. ही मधली कैची ऑलरेडी कापलेली आहे. कुठल्या येड्याने कापली?"

मी शिडीवर चढले. घरावर तीन कैच्या आहेत हे मला लहानपणापासून पाठ होतं. दोन तिरपे लाकडी हात, खाली त्यांना बांधून ठेवणारी आडवी तुळई, मधे एक उभा. पहिली आणि तिसरी तशाच होत्या. मधल्या कैचीला तुळई नव्हती. दोन्ही भिंतींकडून हात-हातभर लाकूड पुढे आलेलं आणि मग पोकळी. मधला उभाही नाही. बरंच वर, आढ्याच्या जवळ, एक आडवी फळी दोन्ही हातांना बोल्ट मारून बसवलेली. आणि कापलेल्या टोकांच्या कडा रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. कुणाच्या कधी नजरेला पडणार नाही अशा जागीही कडा मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय.

"ज्याने कैची बनवली त्यानेच कापली," मी म्हणाले.

तो ओशाळला. "मग त्यांना काहीतरी कळत असणार," असं म्हणून पुन्हा फळ्या काढायला लागला.

मला मात्र काही कळेना. अप्पा, मी सहावीत असताना तुम्ही मला कैची शिकवली होती, आठवतं? ओल्या शहाबादी फरशीवर मला समोर उभं केलंत, तळहाताला तळहात लावलेत आणि म्हणालात, आता माझ्यावर रेल, बाय. मी रेलले, तुम्ही रेललात. दोघांचेही पाय मागे घसरायला लागले. मी घाबरून ओरडले. मग तुम्ही आईला हाक मारलीत. ती हात पुसत आली, कपड्यांच्या दोरीने माझा घोटा तुमच्या घोट्याला बांधला, आणि काय आश्चर्य, पाय जागचे हलेनात. "ही दोरी म्हणजे तुळई. भिंती बाहेर पडत नाहीत त्या हिच्यामुळे," तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, आता दोरी सोडते, माझा भात लागतोय. तुम्ही म्हणालात, तू सोडलीस तर आम्ही दोघं पडू. ती खरंच सोडून गेली आणि आपण खरंच पडलो. तुमच्या कोपराला लागलं होतं.

पुढे दोन वर्षांनी त्याच मधल्या तुळईला मी पावसाळ्यातले ओले कपडे वाळत टाकायला खिळा ठोकून दोरी बांधली, तेव्हा पाहुण्यांसमोर तुम्ही मला जे बोललात ते मी विसरलेले नाही. "कैचीला काही टांगायचं नाही, टोचायचं नाही, कापायचं तर नावच नको. एवढं समजत नसेल तर सुताराच्या घरात राहू नकोस." मी आठवीत होते. राहू नको तर जाऊ कुठे, हे विचारायची हिंमत नव्हती. न्हाणीघरात जाऊन रडले.

आणि कल्याणचे ते मास्तर. त्यांना माळ्यावर सरळ उभं राहता यावं म्हणून कैचीची तुळई कापून वर घ्यायची होती. सुट्टी होती म्हणून मीही तुमच्याबरोबर गेले होते. मास्तरीणबाईंनी चहा पुढे ठेवला. मास्तर समजावत होते, अहो, फक्त एकाच कैचीची, बाकीच्या आहेत ना. काम मोठं होतं, दारं-खिडक्या सगळ्याच बदलायच्या होत्या, आणि त्या महिन्यात तुमच्या हाताला दुसरं काम नव्हतं हे मला माहीत होतं. तुम्ही चहाला हातही लावला नाहीत. "भिंती उंच करायच्या तर करून देतो. तुळई कापणारा सुतार दुसरा बघा." एवढं बोलून उठलात. स्टेशनपर्यंत मी तुमच्या मागे जवळजवळ पळत होते. माझे अप्पा कसे आहेत हे कुणी विचारलं की इतकी वर्षं मी हाच प्रसंग सांगत आलेय. माझ्या मुलालाही हाच सांगितलाय. आता त्याला काय सांगू?

कारण मला पोटमाळा आठवला. शिडीवर उभी असतानाच आठवला. दहावीच्या आधीच्या मे महिन्यात मी मामाकडे गेले होते. परत आले तर माजघरावर पोटमाळा तयार, टोकाला खिडकी, खिडकीखाली टेबल. खाली तुमचं ठोकाठोकीचं काम, गिऱ्हाइकांची वर्दळ, त्यात मला अभ्यास होत नाही अशी मी वर्षभर कुरकुर केली होती. माळ्यावर मधोमध सरळ चालत खिडकीपर्यंत जाता यायचं. वाटेत दोन्ही बाजूंना दोन फळ्यांची खोकी होती, पुस्तकं ठेवायला. त्या खोक्यांत तुळईची कापलेली टोकं झाकली होती हे आता कळलं. तेव्हा मला वाटलं होतं, माळाच थोडा खाली घेतलाय, म्हणून तुळई आड येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला टेबल मिळालं होतं, ती कशाला वर बघते. माझं लग्न झालं आणि दोन महिन्यांत तुम्ही पोटमाळा काढून सपाट तक्तपोशी केलीत. उकडतं, असं कारण सांगितलंत. मला जरा लागलं होतं, लेक गेली की लगेच तिची जागा मोडली म्हणून. आता वाटतं, माळा काढल्यावर ती पोकळी उघडी पडली असती. कुणापासून झाकत होतात? गावातल्या दुसऱ्या सुतारांपासून? माझ्यापासून?

आईला विचारलं. शनिवारी ती म्हणाली, "तुझ्या खिडकीसाठी कापली. आठ दिवस जेवले नव्हते धड." मी तिचा हात धरून बसले. रविवारी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "छे, वाळवी लागली होती तिला. कापणं भागच होतं." पुढच्या शनिवारी तिसरंच. "माप चुकलं ह्यांचं. मूळचीच आखूड पडली होती, सांधा दिलेला. तो सांधा कुणाला दिसू नये म्हणून मेले कापून मोकळे झाले." तिन्ही वेळा तितक्याच खात्रीने. मेले हा शब्द ती तुम्हाला लाडानेच वापरायची, त्यावरूनही काही ठरवता येत नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीची मुलगी इंजिनिअर आहे, तिला ठाण्याहून बोलावलं. तिने ओळंबा सोडून भिंती मोजल्या. पश्चिमेची भिंत दीड इंच बाहेर झुकलीय. मग मला त्या भिंतीतली भेग आठवली. दर दिवाळीआधी रंग काढताना तुम्ही ती सिमेंटने भरायचात आणि म्हणायचात, घर म्हातारं होतंय. मी तुम्हाला घमेलं आणून द्यायचे. तुम्हाला माहीत होतं, अप्पा. भरताना दर वर्षी माहीत होतं. मुलगी पुढे म्हणाली, "वरची फळी अगदी विचार करून लावलीय. नाहीतर इतकी वर्षं टिकलं नसतं. पण धोका घेतलाच की त्यांनी." मधल्या तुळईचा आधार नव्हता म्हणून तिथली तक्तपोशी दोन बोटं खाली आली होती, हेही उरलेल्या फळ्यांवरून तिनेच दाखवलं. बरोबर जिथे आईची कॉट असायची, तिथेच. आई भ्रमिष्ट झालेली नव्हती. छत खरंच खाली येत होतं, आणि मी तिला गोळ्या देत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण कापलेल्या टोकावर मला पटाशीने मारलेली खूण दिसली. दोन उभ्या खाचा आणि त्यांना छेदणारी एक तिरकी. इंजिनिअर मुलीने विचारलं, हे काय? मी सांगितलं, कैची आधी जमिनीवर जुळवतात, मग सुटी करून वर चढवतात. कुठला तुकडा कुठल्या कैचीचा हे चुकू नये म्हणून प्रत्येक कैचीच्या सगळ्या तुकड्यांवर जागोजागी एकच खूण मारतात. तिला सांगता सांगताच मला आठवलं. ती खूण माझ्या घरी होती.

तुम्ही लग्नात दिलेल्या पोळपाटाखाली. एवढासा, वीतभर पोळपाट. पोळी लाटली की कडेने बाहेर लोंबायची. सासूबाई म्हणाल्या होत्या, "सुताराची लेक ना तू? एवढाच पोळपाट?" सगळे हसले, मीही हसले, आणि मनातून तुमच्यावर इतकी चिडले होते की काही विचारू नका. पाच गावांना पलंग आणि देव्हारे करून देणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीसाठी चार बोटं जास्त लाकूड मिळू नये? खालची खूण मी तुमची सही समजत होते. त्या रात्री घरी जाऊन पोळपाट उलटा केला. दोन उभ्या, एक तिरकी. टेप लावून पाहिला. वर कापलेल्या टोकाशी मोजलेली तुळईची रुंदी आणि पोळपाटाची रुंदी एकच. त्याहून मोठा तो होऊच शकत नव्हता. मी बसून रडले. मग डोळे पुसून नीट पाहिलं तर कडेला सुईएवढं एक भोक दिसलं, लाखेने बुजवलेलं. म्हणजे वाळवीच होती की काय? की खिळ्याचं भोक? का माझ्याच कपड्यांच्या दोरीचा खिळा? मी काही सुतार नाही. तुम्ही मला होऊ दिलं नाहीत. शिकवलंत तेवढं शिकवलंत आणि दहावीनंतर हत्याराला हात लावू दिला नाहीत, त्यामुळे एका भोकावरून मला ओळखता येत नाही.

काल काम जवळजवळ संपलं. दोन्ही शाबूत तुळया जिथल्या तिथे ठेवल्या आणि फळ्या त्यांच्या वर, तिरप्या हातांच्या पोटाला ठोकल्या. खोली एकदम उंच झालीय. मधल्या कैचीत जिथे तुळई होती तिथेच आरपार लोखंडी सळी घातली, मधे पेच आहे, तो फिरवला की ती ताठ होते. सिलिंगवाल्याने पेच आवळला तेव्हा आईची कॉट आम्ही पुन्हा मधोमध आणली होती. ती बराच वेळ वर बघत राहिली. मला वाटलं, आता चौथं उत्तर येणार. ती म्हणाली, "बांधली का दोरी?" मी म्हटलं, बांधली. "मग मी जाऊ? भात लागत असेल." आणि डोळे मिटले. गोळी न घेता दुपारभर झोपली. आजही झोपलीय. तिच्या शेजारी बसूनच हे लिहितेय.

शेवटची एक फळी लावायची बाकी आहे, उद्या सकाळी तो येईल. हे पत्र तिथे वर सरकवून द्यावं असं क्षणभर मनात आलं. तुमच्या खुणेशेजारी. पण नको. त्या छतावर एकदा काहीतरी झाकून ठेवलं गेलं आणि आईने त्याच्याखाली इतकी वर्षं काढली. तिच्या डोक्यावर मला आणखी काही लपवायचं नाही. पत्र पर्समध्ये राहील.

लपवायचं नाही म्हटलं, तर एक सांगूनच टाकते. तुम्ही दर खेपेला विचारायचात, पोळपाट कसा आहे, आणि मी म्हणायचे, छान आहे, रोज वापरते. अप्पा, मी तो एक दिवसही वापरला नाही. पिठाच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून तो मी डब्याखाली ठेवला होता. शेवटचे तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात, तेव्हा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलात, डबा समोरच होता, आणि मी बाजारातल्या मोठ्या पोळपाटावर तुमच्यासाठी पोळ्या लाटत होते. तुम्ही पाणी प्यालात, पेला उपडा ठेवलात आणि म्हणालात, पोळ्या छान गोल होतात हो तुझ्या. तुम्हाला दिसलं होतं का?