खांद्याला न लागणारं काडतूस

१ जून, सकाळ
कॅनडाहून मेव्हण्याचा, गौरेशचा फोन. नोव्हेंबरात तुम्ही आणि सुविधा दोघं या, इथं हरणाची शिकार कायदेशीर आहे, लायसन मी काढतो. भावजी, काडतूस कुठलं ते तेवढं कळवा, म्हणाला. आणि हसला. ते हसणं ओळखतो मी. लग्नानंतरच्या पहिल्या गणेश चवथीला त्याच्यादेखत कुळागरात, घरामागच्या माडा-पोफळीच्या बागेत, माकडं पिटाळायला बार काढला आणि धक्क्याने मागच्या पाण्याच्या पाटात बसलो. पंधरा वर्षं तेच सांगत फिरतोय.
संकल्प: एक गोळी, एक हरण. गौरेशची बोलती बंद.

३ जून
यूट्यूब, पाच तास. तीस-झिरो-सिक्स काडतूस बाद. खांद्यावर रेड्याची धडक बसते म्हणे. भीतीचा प्रश्न नाही, खांदा जुना आहे. दोनशे त्रेचाळीस विंचेस्टर पसंत. धक्का मवाळ, हरणाला पुरेसं. गोळी शंभर ग्रेन वजनाची, सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची. ऑफिसात साईशला सगळं समजावलं. तुम्ही कधी काही मारलंय का, विचारलं त्याने. आधी थिअरी असते, म्हटलं.

५ जून
माकडांनी सतरा शहाळी पाडली. एरवी माझ्या बुजगावण्याला घाबरून असतात. मार्चपासून काय बिघडलंय कळत नाही. सुविधा म्हणाली, आदीं हीं माकडां धांवडायात, मागीर हरणां. माकडं पिटाळायला वेळ कुठला? अभ्यासात व्यत्यय.

७ जून, संध्याकाळ
सराव. खांद्याला उशी बांधून छत्रीने नेम धरला. साडेसहा क्रीडमूर काडतुसाचाही विचार केला, पण धक्का किंचित जास्त. किंचितही नको. सुविधा दारात उभी राहून बघत होती. प्रभावित झाली असावी.

१० जून
लोकसभेची आचारसंहिता संपली. निवडणुकीमुळे मार्चपासून पोलीस स्टेशनात जमा असलेली बाबांची बंदूक आणायला हाफ डे घेऊन गेलो. हवालदार रघुनाथने रजिस्टर बघितलं. तुमच्या बायलेक धाडात, लायसन तिच्या नांवार आसा, म्हणाला. बाबा गेल्यावर बंदूक सुविधाच्या नावावर करायला हरकत नसल्याचा कागद मीच लिहून दिला होता म्हणे. कारण: खांदा. विसरलोच होतो. दर निवडणुकीला बंदूक जमा करते तीच, सोडवून आणते तीच. मला वाटायचं, बाजाराला जाते.

११ जून
सुविधाने बंदूक आणली. कुळागरात हवेत एक बार. जागची हलली नाही. माकडं पार नदीपर्यंत. बाबा गेल्यापासून बारा वर्षं मी ऑफिसला गेलो की हेच चालतं. बुजगावण्याकडे बघवेना. वाईट वाटलं. तिचा अभिमानही वाटला, पण ते या वहीतच राहू दे.

१४ जून
गौरेशचा फोन, पण बहिणीला, सुविधाला. दोनशे त्रेचाळीस राहू दे, मला तीनशे आठ चालेल, म्हणाली ती. त्याचा धक्का त्याहून मोठा. गौरेशने ठरवलं: रायफल एकच, ती तिला. भावजींनी चहाचा थर्मास सांभाळायचा.
संकल्प: थर्मास नीट अभ्यास करून निवडणे. स्टीलचे जड, पट्टा काचतो. दोन तास बघितले. अर्ध्या लिटरचा, मऊ पट्ट्याचा पसंत. तिथल्या थंडीत लिटरभर लागेल, सुविधा म्हणते. पण खांदा जुना आहे.