देवणी उलटली त्या वर्षाची मटकी

अव्वा, तुला सांगायचं आहे ते असं, की त्या मटकीचा काही उपयोग नव्हता. हे वाक्य मी मनात कितीदा लिहिलं आणि खोडलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता जरा थांबावं लागतं. त्या दुष्काळातलं आपलं स्वयंपाकघर मात्र लगेच समोर येतं. लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता. आता सगळं जवळ आलं, म्हणून जळकोटच्या बाजारात लोक खुशीत होते, आणि तू चुलीपुढून अप्पांना म्हणालीस, "जिल्हा जवळ आला म्हनं. पानी कुठवर आलंय ते इचारा की." अप्पा हसले नाहीत. विहीर आटलेली, आणि आपली देवणी गाय काही केल्या माजावर येत नव्हती. गाभण राहिली नाही तर विकायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. वैरण मिळत नसताना भाकड जनावर कुणाला परवडतं?

तू मटकी भिजवून फडक्यात बांधतेस. मोड आलेली मटकी चारली की गाय माजावर येते, असं आपल्याकडच्या सगळ्याच बायका सांगायच्या. घरात प्यायला पाणी नाही, आणि तू लिंगपूजेचं उरलेलं पाणी त्या फडक्यावर शिंपडतेस. आम्ही भावंडांनी नुसतं बघायचं. फक्त एकदा, धाकटा भाऊ तापाने फणफणलेला असताना आणि भाकरी नको म्हणून रडत असताना, तू फडकं सोडून एक मूठ त्याच्या ओंजळीत दिलीस. पुढे खरंच देवणीने हंबरून गोठा डोक्यावर घेतला. तू आमच्या हातावर गूळ ठेवलास. अप्पांनी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेत भरवून आणलं. तीन आठवड्यांनी ती पुन्हा हंबरली. उलटली होती, गर्भ राहिलाच नव्हता. परत भरवली, परत उलटली. मग अप्पा तिला देगलूरच्या बाजारात घेऊन गेले आणि रिकामं दावं घेऊन आले. तुझ्या शेवटच्या दुखण्यात धाकटा तुला चमच्याने पेज पाजून बाहेर गेला, तेव्हा मला जवळ बोलावलंस. "त्येला कधी सांगू नको. पन ती मूठ गाईची होती. तिथंच कमी पडलं." मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मी आता गाईंच्या गर्भपिशवीचंच काम करते, अव्वा. बारीक ब्रशने आतलं अस्तर खरवडून घ्यायचं आणि प्रयोगशाळेत बघायचं, की कुठली जनुकं जागी आहेत आणि कुठली झोपलेली. माजाच्या दिवशी एक जथा जागा असतो. चार-सहा दिवसांनी तो निजतो आणि दुसरा उठतो, गर्भाला खाऊ घालणारा, धरून ठेवणारा. धडधाकट गाईत हे इतकं बिनचूक चालतं की बघत राहावं. उपाशी गाईत कधी कधी माज येतो, आपल्याला वाटतं जिंकलो, पण तो दुसरा जथा नीट उठतच नाही. शिवाय माजाला जे बीज सुटतं ते आधी कितीतरी महिने आत वाढत असतं, आणि तेवढे महिने देवणी उसाच्या वाढ्यावर आणि जुन्या कडब्यावर जगत होती. मटकीने तिला माज आलाही असेल. गर्भ धरायचं बळ मुठीमुठीने येत नसतं. धाकट्याने खाल्ली नसती तरी ती उलटलीच असती. हे मला कळलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले, आणि ते सुटल्याचं रडणं नव्हतं.

यंदाही पाऊस नाही. चारा छावणीत नमुने घ्यायला गेले होते, तर मुरुडकडची एक बाई तिची गाय धरून माझ्यापाशी आली. बरगड्या दिसणारी गाय. मी हात घालून बघितलं; आत सगळं गपगार. "म्याडम, मटकी घालून बघू का? मालक म्हनायलेत, आता इकायचीच." मला सगळं माहीत होतं. नमुन्यांची बाटली हातात होती. मी म्हणाले, घाला. पण लेकरांचं पोट भरून उरली तर. "उरंल कुठली, म्याडम?" म्हणाली आणि गाय ओढत निघून गेली.

तू असतीस तरी हे पत्र मी तुला दिलं नसतं. ती एक मूठ तुझ्या जिवावरून उतरवायची, तर बाकीची सगळी मटकीही वाया गेली असं तुला सांगावं लागतं, आणि तेवढी हिंमत माझी तेव्हाही झाली नसती.